ग्रेगोरियाबाईंचं मत

शनिवार, २६ जुलै

सिनेमा एकदाचा लागला. खाणकामगारांच्या सहकारी संस्थेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, लोक घरून घोंगड्या आणून जमिनीवर बसले. थंडी अशी की पडद्यावर नरकाची आग पेटली तेव्हा पुढच्या रांगेतली टवाळ मंडळी हात शेकायला पुढे करत होती.

ओमार तिकोनाचा हा पहिलाच सिनेमा. आमच्याच गल्लीतला मुलगा, ला पाझला जाऊन शिकून आला. गोष्ट सोपी आहे. खाणीच्या पोटात अंधाराचा राजा जागा होतो, गावातल्या माणसांचे आत्मे गिळायला लागतो. मग देवदूत सान मिगेल तलवार घेऊन खाली उतरतो, कुमारीमाता वरून बळ देते, पुढे नुसती हाणामारी. शेवटी राजाचं मुंडकं शिंगांसकट उडतं. राजा झालाय सिप्रियानो आयका, खाणीतच काम करणारा माझा कोम्पाद्रे. त्याच्या मुलीच्या, देलिनाच्या बाप्तिस्म्याला तिला हातात मी धरलं होतं. तेव्हापासून त्या घरची मी कोमाद्रे आणि देलिनाची माद्रीना, धर्माची आई. एरवी या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून कथील काढण्यासारखं. पण आज पडद्यावर गरजला तेव्हा लोक श्वास धरून बसले होते.

कुमारीमातेचा आवाज खरं तर मी द्यायचा होता. ओमारनं माझी चाचणीही घेतली. मग ला पाझहून एक मुलगी बोलावली. योग्यच केलं त्यानं, सिनेमाला कोवळा आवाज लागतो. मला काही वाटलं नाही, आणि तसं मी त्याला दोनदा सांगितलंसुद्धा.

सिनेमा सुटल्यावर माइक घेऊन दाराशी उभी राहिले. ‘बाहेर पडताना’ हा माझा रेडिओवरचा कार्यक्रम सोमवारी असतो: लग्न असो, सभा असो, सामना असो, बाहेर पडणाऱ्याला धरायचं आणि विचारायचं, कसं वाटलं? आज जे ऐकलं ते असं. गणिताचे मास्तर म्हणाले, चांगल्या-वाइटाचा झगडा प्रतीकांतून मांडलाय. त्यांची बायको म्हणाली, पंखाची दोरी दिसत होती. एक झिंगलेला गृहस्थ म्हणाला, “देवदूत अगदीच मिळमिळीत. मी असतो तर सैतानाच्या बाजूनं लढलो असतो.” शाळेतल्या पोरी नुसत्या फिदीफिदी हसल्या. नव्या प्रार्थनाघराचे पास्टर म्हणाले, “सैतानाला मारला, उत्तम केलं. आता खाणीतल्या त्या मामाच्या मूर्तीलाही मारा.” हे ऐकून मागचे दोन खाणकामगार त्यांच्याकडे असे बघायला लागले की मी माइक घाईनं पुढे नेला.

मग ग्रेगोरियाबाई आल्या. खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यावर दगड फोडून उरलासुरला धातू वेचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गालात कोकाच्या पानांचा गोळा, अंगावर दोन शाली. म्हणाल्या, “अगं, त्याला आपल्या मामाचंच तोंड दिलंय की! तेच डोळे, सिगरेट ठेवायचा तोच जबडा. आणि त्याचंच मुंडकं उडवलं! आता शुक्रवारी सिप्रियानो मामापुढे कुठल्या तोंडानं जाऊन बसणार?”

पुढेही बोलत होत्या काहीबाही. हसल्याही.

रविवार, २७ जुलै

दुपारी रेडिओ स्टेशनवर बसून कार्यक्रम कापूनजोडून तयार केला. मास्तर, पंखाची दोरी, झिंगलेले गृहस्थ, पास्टर, आणि शेवटी ग्रेगोरियाबाई. त्यांचं ‘कुठल्या तोंडानं जाऊन बसणार’ इथपर्यंतच ठेवलं. प्रश्नावर संपतं, कानात राहतं. पुढचं हसणंबिसणं काढून टाकलं. कार्यक्रमात वेळ नसतो.

संचालक एलॉय ऐकून खुर्चीत सरळ बसले. “नीव्हेस, हे म्हातारीचं उद्या सकाळपासून वाजवायचं. मधे मधे. कार्यक्रमाची जाहिरात म्हणून.”

मी म्हटलं, सिप्रियानोला कदाचित आवडायचं नाही.

“अहो, सिनेमात काम केलं की लोक बोलणारच. पुतळा झालात की कबुतरं बसणार.”

सोमवार, २८ जुलै

फोन थांबेनात. माझ्या कार्यक्रमाला इतके फोन कधी आले नव्हते. निम्मे लोक पास्टरवर चिडलेले, निम्मे ओमारवर. एक बाई म्हणाल्या, कार्निव्हलच्या नाचात दर वर्षी सान मिगेल सैतानांना हरवतोच की, तेव्हा कुणाच्या पोटात दुखत नाही. त्यावर एक खाणकामगार ओरडला, “बाई, तो नाचणारा सैतान! तो हरतो आणि कुमारीमातेच्या देवळात गुडघे टेकतो, आणि खाली बसलेला तो आपला मामा. मामा कधी कुणाचं वाईट करतो का? धातू त्याचा, बोगदा त्याचा. त्याला वाईट म्हणणारा आणि मारणारा माणूस माझ्या शेजारी नको मला खाली!”

त्याचं बरोबर आहे. लहानपणापासून आम्ही हेच ऐकलंय. वर देव, खाली मामा, आणि दोघांशी नीट वागायचं. ओमार ला पाझला गेला आणि हे विसरला. सिप्रियानोनं मात्र विसरायला नको होतं. मुखवटा बघितल्यावर त्यानं ओमारला म्हणायला हवं होतं, हे तोंड नको. पण पडद्यावर दिसायचं म्हटलं की माणसाला भान राहत नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

ऑगस्टचा पहिला शुक्रवार. खाणीच्या तोंडाशी लामाचं जनावर कापलं, रक्त दारावर शिंपडलं, मग कामगारांच्या टोळ्या दारू, कोका आणि सिगरेटी घेऊन मामाकडे आत गेल्या. आम्हा बायकांना आत मज्जाव. बाई आत गेली तर धातूची शीर पळते म्हणतात. आम्ही बाहेर मांस भाजत होतो.

सिप्रियानोही बाहेर उभा होता. मला वाटलं पाणी प्यायला आला असेल. त्याच्या टोळीचा मुकादम एपिफानियो आत जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आजचा दिवस नको, गड्या. पोरं बिचकलीत. रेडिओवर ऐकलं ना.” सिप्रियानोनं त्याच्या हातात आपली सिगरेटची पाकिटं दिली, मामाला द्या म्हणाला, आणि दगडावर बसून राहिला. सगळं गाव आत-बाहेर करत होतं आणि हा बसलेला. मी भाजलेल्या मांसाचं ताट घेऊन गेले तर म्हणाला, “भूक नाही, कोमाद्रे.” ताट मी तसंच परत आणलं.

मीच विचारलं होतं का ग्रेगोरियाबाईंना, मामाचं काय म्हणून? नाही. त्या आपण होऊन बोलल्या.

रविवार, ३ ऑगस्ट

सिप्रियानो देलिनाला घेऊन आला. मी जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी, केलं, बाजारातून चीज भरून तळलेले पास्तेल आणले. देलिना आता सात वर्षांची झाली, समोरचे दात पडलेत. तिनं माझ्या आवाजात बातम्या वाचून दाखवल्या आणि आम्ही हसून हसून बेजार झालो.

ती अंगणात गेल्यावर त्यानं कप खाली ठेवला. “कोमाद्रे, ग्रेगोरियाकाकू तेवढंच बोलल्या होत्या का?”

“हो. म्हणजे कामाचं तेवढंच.”

“बरं.”

“टोळीवाले निवळतील हो. चार दिवसांत दुसरा विषय निघेल.”

“निघेल,” तो म्हणाला. मग माझ्या दाराची बिजागरी करकरते म्हणून तेल मागून घेतलं, आणि दार दुरुस्त करून मगच गेला. बिचाऱ्याला काही संशयही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, ६ ऑगस्ट

राष्ट्रदिनाचं संचलन. देलिना तिच्या वर्गाबरोबर चालत होती. मागच्या पोरांनी ‘बिनमुंडक्याची पोरगी’ म्हणून सूर धरला. तिनं मान वळवली नाही. हातातला झेंडा मात्र खाली आला होता. मी रेडिओवरून संचलनाचं वर्णन करत होते, आणि माझा आवाज एकदाही कापला नाही. इतक्या वर्षांची सवय.

ओमार भेटला. खुशीत आहे. आजूबाजूच्या गावांतून सिनेमाला बोलावणी येताहेत. “ताई, तुमच्यामुळे! लोक मामाला मारणारा माणूस बघायला येतात.” मी त्याला म्हटलं, त्या माणसाचं काय होतंय ते तुला माहीत आहे का? तर म्हणे, वाद चांगला असतो. याच्या तोंडात मारावीशी वाटली. मग वाटलं, कुठल्या हातानं मारणार?

मंगळवार, १२ ऑगस्ट

बोगद्यात दगड कोसळला. एपिफानियोच्या पायाची बोटं चिरडली. जिवावरचं पायावर निभावलं. दर वर्षी कुणाचं ना कुणाचं असं होतं, आधारखांब सडलेत हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण या वेळी कुणी खांबाचं नाव घेतलं नाही. त्या दिवशी सिप्रियानो टोळीबरोबर खाली होता.

संध्याकाळी टोळीनं ठरवलं, सिप्रियानो नको. एपिफानियोची बायको मला सांगत होती, “माझा नवरा दवाखान्यातून ओरडून सांगत होता, खांब सडला होता म्हणून. कोण ऐकतंय! म्हणतात, मामानं इशारा दिला. रेडिओवर म्हातारी बोललीच होती.”

म्हातारी बोललीच होती. म्हातारीच्या तोंडात ते अर्धवट कुणी सोडलं? मी. हे मी इथे लिहिते आहे आणि लिहितानाही आजूबाजूला बघते आहे. घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सिप्रियानो आता ढिगाऱ्यावर दगड फोडतो. बायकांमध्ये एकटा पुरुष. तिथे मिळतं ते काय, कोंबडीच्या चोचीपुरतं. येणारे जाणारे खाणकामगार शिट्ट्या मारतात, “महाराज, नरकात जागा भरली का?” तो मान वर करत नाही.

मी तिथे गेले. वाटलं, त्याच्या बाजूनं चार माणसांची चांगली मतं गोळा करावी आणि सोमवारी लावावी. ग्रेगोरियाबाई त्याच्या शेजारीच बसल्या होत्या. मला बघून हातोडी खाली ठेवली.

“ये बाई. तुझ्या त्या मशीनला हसू ऐकू येत नाही का?”

“म्हणजे?”

“मी पोट धरून हसले होते. रेडिओवर बघते तर मी तोंड वाकडं करून शाप देतेय! शेजारीण म्हणाली, ग्रेगोरिया, त्या पोरावर का उलटलीस? काय सांगणार तिला?”

मी म्हटलं, कार्यक्रमात वेळ नसतो, थोडं काढावं लागतं. “हो का,” त्या म्हणाल्या, आणि सिप्रियानोकडे बघितलं. तो दगड निवडत होता. वर न बघताच त्यानं विचारलं, “ते रेकॉर्डिंग अजून असेल तुमच्याकडे, कोमाद्रे?”

“पुसलं,” मी म्हटलं.

का म्हटलं, देव जाणे. यंत्र माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं, आणि त्यात ते सगळं आहे. मी ते परत ऐकलेलं नाही. ऐकावंसं वाटत नाही.

चांगली मतं काही गोळा झाली नाहीत. माइक पुढे केला की बायका म्हणत होत्या, आमचं नाव नको बाई, आमचेही नवरे खाली जातात.

रविवार, १७ ऑगस्ट

बासिलिया, सिप्रियानोची बायको, बाजारात भेटली. शेळ्या विकायला आणल्या होत्या. तो चिलीला जातोय. सीमेपलीकडे कुणा भावकीतल्याच्या ओळखीनं द्राक्षांच्या मळ्यात काम आहे म्हणे. बारा वर्षं ज्या टोळीत घाम गाळला त्या टोळीतला त्याचा वाटा गेला, संस्थेतलं नावही जाईल.

“पोरीला सांगितलंत?” मी विचारलं.

“तिला वाटतं, बाबा दुसऱ्या सिनेमात काम करायला चाललेत.” बासिलियानं शेळीचं दावं हातावर गुंडाळलं. “तुम्ही येत जा घरी. ती माद्रीना माद्रीना करत असते.”

मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. खरं म्हणजे गिऱ्हाईक नुसतं भाव विचारून गेलं, आणि मी तरीही मिठाची गुळणी धरून उभी राहिले. मी भित्री आहे. भित्री आणि खोटारडी. एक घर मोडतंय आणि मी शेळ्यांच्या अंगावरून हात फिरवत होते.

घरी येऊन ठरवलं. उद्या कार्यक्रमात सगळं सांगायचं. नाव घेऊन, यंत्रातलं वाजवून. एलॉयनी काढून टाकलं तर टाकोत.

सोमवार, १८ ऑगस्ट

सांगितलं!

माइकचा लाल दिवा लागला आणि आवाज ठरलेल्या जागी आला. म्हटलं, श्रोतेहो, मी नीव्हेस कोल्के, तुमच्याशी खोटं वागले. ग्रेगोरियाबाईंचं बोलणं मी अर्ध्यावर तोडलं. एका निरपराध माणसाच्या पोटावर पाय दिला. आता त्या काय म्हणाल्या ते ऐका. आणि लावलं: ‘कुठल्या तोंडानं जाऊन बसणार?’ आणि मग ते पोट धरून हसणं, आणि, “मामा तरी काय, खूश होईल! म्हणेल, ये रे, माझं सोंग माझ्यापेक्षा झकास वठवलंस, घे, ओढ माझी सिगरेट!”

मधलं जरासं जोडून घेतलं. कार्यक्रमात वेळ नसतो.

लाल दिवा विझला आणि मी रडले. काचेपलीकडे एलॉयसुद्धा डोळे पुसत होते. काढून टाकणं दूरच, म्हणाले, “नीव्हेस, हे परत वाजवायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ.” फोनांचा पाऊस. मास्तर म्हणाले, असा प्रामाणिकपणा आजकाल कुठे राहिलाय. एक बाई रडत म्हणाल्या, तुम्ही गावाची शान आहात. पास्टरांनीही प्रार्थनेत माझं नाव घेतलं म्हणे. छाती इतकी हलकी झाली की घरी येताना दोन पास्तेल खाल्ले.

सिप्रियानोचा फोन आला नाही. त्यांचा फोन बहुतेक बंद असतो.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

एपिफानियोची बायको धापा टाकत आली. टोळीनं आज सिप्रियानोला सन्मानानं मामाकडे नेलं. एपिफानियो पायाला फडकं गुंडाळून, दोघांच्या खांद्यावर हात टाकून, स्वतः बरोबर गेला. सिप्रियानोनं मामासमोर बसून दारू शिंपडली, कोका ठेवला, आणि सांगितलं, तुझं तोंड मी तुला न विचारता घेतलं, चूक माझी. मग सिगरेट पेटवून मामाच्या तोंडात दिली. सगळे बघत होते, मधेच विझते की काय. विझली नाही. फिल्टरपर्यंत जळली, आणि राख एका तुकड्यात खाली पडली. यापेक्षा स्पष्ट होकार मामा देत नाही. पोरांनी त्याला मिठ्या मारल्या. सोमवारपासून तो टोळीत. चिली रद्द.

“तुझ्यामुळे झालं गं नीव्हेस,” ती म्हणाली.

मी नको नको म्हटलं. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. उद्या त्यांच्याकडे जाते. देलिनासाठी केक करते.

शनिवार, २३ ऑगस्ट

केक परत आणला. टेबलावर आहे.

दार सिप्रियानोनं उघडलं. हसला नाही, रागावलेलाही नव्हता. मी म्हटलं, “कोम्पाद्रे, अभिनंदन! मामानं सिगरेट ओढली म्हणे.”

“ओढली.”

तो दारात तसाच उभा. मग मीच म्हटलं, मला माफ करा, मी रेडिओवर सगळं सांगितलंय, तुम्ही ऐकलंच असेल.

“ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं.” त्याचा आवाज हळू होता, तरी अंगणाच्या टोकाला ऐकू गेला असता. “कोमाद्रे, काकू पहिल्याच दिवशी आमच्याकडे आल्या होत्या. सिनेमा सुटल्या सुटल्या. आपण काय काय बोललो ते हातवारे करून सांगत होत्या, बासिलिया खूप हसली. मग सोमवारी आम्ही सगळे रेडिओजवळ बसलो. त्या दिवसापासून मला माहीत आहे.”

माझ्या हातातला केक जड झाला. “मग बोलला का नाहीत?”

“तुमच्याकडे येऊन विचारलं. ढिगाऱ्यावर विचारलं. माणूस घाबरतो, मला कळतं. म्हटलं, सांगतील. माझ्या पोरीला हातात धरणारी बाई आहे, मला येऊन सांगेल.” त्याचा हात दारावरच होता. “तुम्ही गावाला सांगितलंत. गावानं तुम्हाला माफही केलं. मला सांगायचं राहिलं.”

“आता सांगते ना! मी कापलं. माझी चूक झाली. पण सोमवारी सगळं लावलं की नाही?”

“सगळं?”

मी केकवरचा कागद नीट करायला लागले.

“या सोमवारीही आम्ही रेडिओजवळ बसलो होतो. काकूपण होत्या. म्हणाल्या, आता माझं मधलं वाक्य येईल बघ. नाही आलं.” त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “त्या एका वाक्यात असं काय होतं, कोमाद्रे, की दोन्ही वेळा कापावं लागलं?”

आणि मी, जिनं सोमवारी अख्ख्या गावापुढे रडून कबुली दिली, ती मी म्हटलं, “कुठलं वाक्य?”

त्यानं मान हलवली. दुःखी झाला, की त्याला जे बघायचं होतं ते बघून झालं, मला कळलं नाही. आतून देलिना ओरडली, “बाबा, कोण आलंय? माद्रीना आहे का?”

“नाही गं,” तो म्हणाला. “रेडिओवाल्या बाई आल्यात.”

मग त्यानं दार लावून घेतलं, अगदी हळू. मी थोडा वेळ तिथेच होते. आत ती काहीतरी विचारत होती आणि तो तिला समजावत होता, शब्द ऐकू येत नव्हते.

घरी येऊन यंत्र काढलं, शाल न काढताच ऐकलं. आधी दार उघडण्याचा आवाज, गर्दी, मग ग्रेगोरियाबाई. ‘कुठल्या तोंडानं जाऊन बसणार?’ त्यानंतर त्या माझ्या जवळ येतात, माइकला त्यांची शाल घासल्याचा आवाज येतो. मग ते वाक्य, आणि त्याच्यामागून ते हसणं. हसणं ठेवून वाक्य काढायला मला सोमवारी बरीच खटपट करावी लागली होती, कारण दोन्ही एका श्वासात आहेत. वाक्य असं आहे: “आणि नीव्हेस, त्याचा आवाज ऐकलास? इतकी वर्षं रेडिओ ऐकते मी, पण असा आवाज आपल्या रेडिओवर कुणाचाच नाही.”